जिथे वजनच नाही, तिथे देह कसा टिकतो?

मोपाच्या विमानतळावरून निघालेले विमान साधारण तासाभरात मुंबईला उतरते. हे हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. तेवढेच अंतर आडवे न कापता सरळ वर गेले, तर माणूस आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या उंचीवर पोहोचतो. पेडण्याहून मुंबई जितकी लांब, तितकेच हे अंतराळातले घर लांब आहे. तरीही ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी २५ जून २०२५ रोजी दुपारी फ्लोरिडातून उड्डाण केले, तेव्हा त्या घराच्या दारापर्यंत पोहोचायला त्यांना सुमारे २८ तास लागले. कारण हे घर एका जागी उभे नाही. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती धावत असते आणि पाहुण्याला तोच वेग, तीच कक्षा गाठावी लागते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा आपला सारा गोवा ते स्थानक जेमतेम पंधरा सेकंदांत ओलांडते.

शुक्ला तिथे १८ दिवस राहिले आणि १५ जुलै रोजी परतले. राकेश शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत गेलेले ते पहिले भारतीय नागरिक आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले भारतीय. पाऊल ठेवणे हा शब्दप्रयोग तिथे लागू पडत नाही, हा भाग वेगळा. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून त्यांच्या आमरसाची आणि हलव्याची पुष्कळ चर्चा झाली. मात्र अंतराळात राहणाऱ्या माणसापुढचा खरा प्रश्न ताटात काय आहे याच्या पलीकडचा आहे. जे शरीर जन्मापासून स्वतःचे ओझे वाहण्यासाठी घडले, त्याच्यावरून ते ओझे एकाएकी काढून घेतले, तर त्याचे काय होते? याचे उत्तर मिळवण्यात शास्त्रज्ञांनी साठ वर्षांहून अधिक काळ घालवला आहे, आणि ते उत्तर जमिनीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही बरेच काही सांगते.

अखंड पडत राहणारे घर

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असा एक रूढ गैरसमज आहे. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. मग माणसे तरंगतात कशी? हे समजण्यासाठी न्यूटनची तोफ आपण तेरेखोलच्या किल्ल्यावर आणून ठेवू. तोफ समुद्राच्या दिशेने डागली, तर गोळा काही अंतरावर पाण्यात पडेल. दारू वाढवली तर तो आणखी दूर पडेल. हवेचा अडथळा नाही असे मानून वेग वाढवतच नेला, तर एक वेळ अशी येईल, की गोळा जितका खाली पडतो तितकीच पृथ्वीही गोलाईमुळे त्याच्याखालून वळत जाते. मग तो पडतच राहतो, पण जमिनीला कधी टेकत नाही. अंतराळस्थानक हा असाच एक गोळा आहे. त्याच्यासोबत आतली माणसे, त्यांच्या बाटल्या, त्यांच्या रक्तातला प्रत्येक थेंब, सारे एकाच वेगाने पडत असते. कशाचाही भार कशावर येत नाही. यालाच आपण भारहीनता म्हणतो.

पहिले दोन-तीन दिवस

आंबोलीच्या घाटात ज्यांना बस लागते, त्यांना पहिल्या दिवसाचा त्रास सांगावा लागणार नाही. बसमध्ये डोळे समोरच्या आसनावर स्थिर असतात आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा वळणे मोजत असते. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि मळमळू लागते. अंतराळात वर-खाली हा भेदच मावळल्यामुळे ही विसंगती कितीतरी तीव्र होते. अंतराळात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ, डोकेदुखी, सुस्ती यांपैकी काही ना काही जाणवते. निष्णात वैमानिकही यातून सुटत नाहीत. सुरुवातीला आपल्याला फारसे बरे वाटत नव्हते आणि आपण बराच वेळ झोपून काढला, हे शुक्ला यांनीही मोकळेपणाने सांगितले होते. लहान मुलासारखे चालायला आणि खायला नव्याने शिकतो आहे, असे त्यांनी स्वतःचे वर्णन केले होते. राकेश शर्मा यांनी १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर जी योगासने केली, त्यांमागे या त्रासावर योगाचा काही उपयोग होतो का, हे तपासण्याचा हेतू होता.

याच वेळी शरीरात आणखी एक उलथापालथ चाललेली असते. जमिनीवर आपल्या देहातील द्रव पदार्थ खाली, पायांकडे ओढले जातात आणि हृदय त्यांना वर ढकलत राहते. ओढ संपली, तरी ढकलणे सुरूच राहते. परिणामी लिटर-दोन लिटर द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय काडीसारखे बारीक होतात, नाक चोंदते. मेंदूची समजूत अशी होते, की अंगात पाणी जास्त झाले आहे. मग तहान मंदावते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. पाठीच्या मणक्यांवरचा भार गेल्याने त्यांच्यामधल्या चकत्या फुगतात आणि उंची तीन ते पाच सेंटिमीटरने वाढते. उंची वाढण्याचा हा आनंद पाठदुखीच्या रूपाने वसूल केला जातो.

डोक्याकडे सरकलेल्या या द्रवाचा डोळ्यांशीही संबंध असावा, असे मानले जाते. दीर्घ मुक्कामानंतर काहींच्या डोळ्यांचा मागचा भाग किंचित चपटा होतो, दृष्टिचेतेला सूज येते आणि जवळचे वाचताना अडचण होऊ लागते. म्हणून स्थानकावर जाणाऱ्यांना बदलत्या नंबरांचे चष्मे सोबत दिले जातात.

ताटातला गाजर हलवा आणि हाडांतला कॅल्शियम

नाक चोंदले की जेवण अळणी लागते, हा सर्दीतला अनुभव. शिवाय तिथे गरम पदार्थाची वाफ वर चढत नाही, त्यामुळे वासही नाकापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून अंतराळवीरांना तिखटाची ओढ लागते. झणझणीत सॉसमधली सुंगटे, म्हणजे वाळवलेली आणि पाणी घालून पुन्हा मऊ केलेली कोळंबी, हा नासाच्या अंतराळवीरांचा वर्षानुवर्षे आवडता पदार्थ राहिला आहे. गोव्यातल्या वाचकाला त्यात नवल वाटू नये. पाव किंवा आपली पोई मात्र तिथे चालत नाही. तिचा चुरा हवेत पसरून यंत्रांत आणि डोळ्यांत जातो. मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी १९८५ मध्ये टॉर्टिला, म्हणजे आपल्या पोळीचाच मेक्सिकन भाऊबंद, सोबत नेला आणि तेव्हापासून तोच अंतराळातला रूढ आहार झाला. मीठ पाण्यात आणि मिरपूड तेलात कालवून बाटलीत भरलेली असते, कारण चिमटीने भुरभुरलेले मीठ ताटात पडत नाही.

शुक्ला यांनी नेलेल्या गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस या पदार्थांमागे मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचे काम होते. याच संस्थेने राकेश शर्मा यांच्यासाठी शिरा, आलू-छोले आणि पुलाव तयार केला होता. असे अन्न बराच काळ टिकले पाहिजे, त्याला शीतकपाट लागता कामा नये आणि त्यात रोगजंतूंचा मागमूस असता कामा नये. चवीचा क्रमांक त्यानंतरचा.

शुक्ला यांच्या सात भारतीय प्रयोगांपैकी एक मूग आणि मेथीला मोड आणण्याचा होता. तो धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि तेथील आयआयटीने आखला होता. आपल्याकडे सणासुदीला मुगागाठी करण्यासाठी मूग भिजत घालतात, तीच कृती, फक्त खाली कोणती आणि वर कोणती हे बीजाला कळत नाही अशा ठिकाणी केलेली. पुढच्या दीर्घ मोहिमांत ताजे अन्न यानातच उगवावे लागेल, हा त्यामागचा विचार आहे.

आहाराचा संबंध हाडांशी येतो, तेव्हा प्रकरण गंभीर होते. हाड ही निर्जीव चौकट नव्हे. शरीर ते सतत थोडे मोडत आणि थोडे बांधत असते. किती बांधायचे, हे त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. भार नाहीसा झाला, की बांधकाम मंदावते आणि मोडणे चालूच राहते. पुरेसा व्यायाम नसेल, तर कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. पृथ्वीवर वृद्धापकाळी वर्षभरात जेवढी झीज होते, तेवढी किंवा त्याहून अधिक झीज इथे महिन्याभरात. हाडांतून सुटलेले कॅल्शियम रक्तातून मूत्रपिंडाकडे जाते आणि मूतखड्याचा धोका वाढवते. तरुण, धडधाकट, शेकडोंतून निवडलेल्या माणसाला मूतखडा व्हावा, आणि तोही अशा जागी! आहारातील जास्त मीठ हाडांची हानी वाढवते असे दिसल्यावर नासाने आपल्या अनेक पदार्थांतील मीठ कमी केले. खारवलेले मासे आणि लोणचे यांवर जीव असलेल्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. बंद स्थानकात अंगावर ऊन पडत नाही, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

दररोज दोन तासांचे ओझे

हे सारे शिकण्याची किंमत सोव्हिएत अंतराळवीरांनी आधी मोजली. जून १९७० मध्ये सोयूझ-९ मधून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव सुमारे अठरा दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना आधाराशिवाय उभे राहता येईना. पूर्ववत व्हायला त्यांना बरेच दिवस लागले. यानातल्या छोट्याशा जागेत व्यायाम पुरेसा झाला नव्हता. त्यानंतरच्या स्थानकांत व्यायामाच्या साधनांना कायमची जागा मिळाली.

आज स्थानकावरील प्रत्येकाच्या दिनक्रमात व्यायामासाठी दोन ते अडीच तास राखून ठेवलेले असतात. त्यात साधने लावण्या-आवरण्याचा वेळही आला. धावण्यासाठी ट्रेडमिल आहे, पण नुसते तीवर उभे राहून भागत नाही, कारण पहिल्याच पावलाला माणूस छताकडे निघेल. खांद्यांवर आणि कंबरेवर पट्टे बांधून ताणाच्या दोऱ्यांनी त्याला पट्ट्याकडे ओढून धरले जाते. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी बॉस्टन मॅरेथॉनचे पूर्ण अंतर अशाच पट्ट्यांत अडकून, सव्वाचार तासांहून थोड्या अधिक वेळात पार केले. सायकल आहे, तिला आसन नाही. तिथे बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि वजन उचलायला वजन नसल्यामुळे निर्वात नळकांड्यांच्या ओढीविरुद्ध जोर लावण्याचे एक यंत्र आहे. त्यावर सुमारे २७० किलोपर्यंतचा भार निर्माण करता येतो. ही सर्व साधने स्थानकापासून काहीशी सुटी, झुलत्या आधारावर बसवलेली असतात. नाहीतर एकाच्या धावण्याने सारे स्थानक थरथरेल आणि नाजूक प्रयोग बिघडतील. घाम खाली ओघळत नाही, तो अंगाला चिकटून फुगत जातो आणि टॉवेलने टिपावा लागतो.

जोराच्या व्यायामाचे हे यंत्र २००८ च्या अखेरीस स्थानकावर गेले. त्याआधीच्या साधनावर मिळणारा भार बराच कमी होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की नवे यंत्र वापरणारे, पुरेसे जेवणारे आणि ‘ड’ जीवनसत्त्व घेणारे अंतराळवीर हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकवून परत आले. मात्र घनता टिकली म्हणजे बळकटी पूर्ण टिकली असे नाही. २०२२ च्या एका अभ्यासात १७ अंतराळवीरांच्या नडगीचे हाड परतल्यानंतर वर्षभराने तपासले गेले. निम्म्याहून अधिक जणांचे हाड तोवरही पूर्ववत झालेले नव्हते.

पाणी, हवा, झोप

उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याची किंवा टँकरची वाट पाहणाऱ्या पेडणेकरांना स्थानकावरचा पाण्याचा हिशेब मनोरंजक वाटेल. तिथे पिणे, जेवण आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला सुमारे पावणेचार लिटर पाणी लागते. आंघोळ नाही, ओल्या कापडाने अंग पुसायचे आणि न धुता येणाऱ्या केसांना फेस न होणारा शांपू चोळायचा. श्वासातील बाष्प, घाम आणि मूत्र गोळा करून त्यांतून पुन्हा पिण्याचे पाणी तयार केले जाते. २०२३ मध्ये या यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. कल्पना अंगावर काटा आणणारी असली, तरी हे पाणी बहुतेक शहरांच्या नळाच्या पाण्याहून शुद्ध असते. कपडे धुण्याची मात्र सोय नाही. वापरलेले कपडे मालवाहू यानात भरतात आणि ते यान वातावरणात शिरताना जळून जाते.

झोप हा स्वतंत्र विषय आहे. दर दीड तासाला एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसात सोळा सूर्योदय. देहातल्या घड्याळाला दिवस कोणता मानावा हे कळेनासे होते. म्हणून दिव्यांचा रंग दिवसाच्या वेळेनुसार बदलतात: सकाळी निळसर, झोपण्यापूर्वी तांबूस. टेलिफोन बूथएवढ्या खोलीत भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपायचे. खोलीत हवा खेळती ठेवणारा पंखा सुरूच असावा लागतो. उष्ण हवा वर चढत नसल्याने झोपलेल्याचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहू शकतो आणि तो डोके ठणकत जागा होतो.

किरणोत्साराचा धोका या सर्वांत दिसत नाही आणि टाळताही येत नाही. आपल्याला जमिनीवर वर्षभरात जितका नैसर्गिक किरणोत्सार मिळतो, त्याहून अधिक स्थानकावर आठवड्याभरात मिळतो. म्हणून प्रत्येकाच्या आयुष्यभराच्या मात्रेची नोंद ठेवली जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर पुन्हा जाता येत नाही.

आजारी पडल्यावर

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेले. त्यानंतर अठराच दिवसांनी, ३० एप्रिलला, अंटार्क्टिकातल्या नोवोलाझारेवस्काया या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव या तरुण डॉक्टराने स्वतःचेच पोट कापून सुजलेले आंत्रपुच्छ काढले. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि हिवाळ्यात बाहेरून कोणी येणे शक्य नव्हते. भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र आज त्याच खडकाळ पट्ट्यात, त्या तळापासून काही किलोमीटरवर आहे.

या ‘मैत्री’चा कारभार आपल्या वास्कोतून चालतो. हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची व्यवस्था पाहते. पहिली मोहीमही डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली होती. हिवाळी मुक्कामाला राहणाऱ्या वीस-पंचवीस माणसांची निवड कठोर वैद्यकीय तपासणीनंतर होते, औलीच्या बर्फात त्यांचा सराव घेतला जातो, आणि मग कित्येक महिने तेच चेहरे, तेच शिजवलेले अन्न आणि सुमारे दोन महिने न उगवणारा सूर्य. म्हणूनच अंतराळ संस्था ध्रुवीय तळांकडे अंतराळाची रंगीत तालीम म्हणून पाहतात. युरोपीय अंतराळ संस्था कॉन्कॉर्डिया या तळावर दर हिवाळ्यात अशा अभ्यासासाठी डॉक्टर ठेवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने आयआयटी मुंबईसह काही संस्थांच्या साहाय्याने लडाखमध्ये लेह येथे अशाच तालमीचा प्रारंभ केला.

तुलनेत एक गंमत दडलेली आहे. जून महिन्यात ‘मैत्री’वर कोणी गंभीर आजारी पडले, तर त्याला परत आणणे अंतराळस्थानकावरून माणूस परत आणण्याहून अवघड आहे. स्थानकाला परतीचे यान सदैव जोडलेले असते आणि ते ठरवल्यास काही तासांत पृथ्वीवर उतरू शकते. जानेवारी २०२६ मध्ये प्रथमच तसे करावे लागले. एका सदस्याच्या प्रकृतीच्या कारणामुळे चार जणांचे पथक नियोजित वेळेआधीच माघारी आले. स्थानकावर सलग मनुष्यवस्ती सुरू झाल्यापासूनच्या पाव शतकात अशी वेळ आली नव्हती. कोणाला काय झाले, हे नासाने त्या वेळी जाहीर केले नाही. रुग्णाची गोपनीयता तिथेही पाळली जाते.

बाकीचे आजार दूरस्थ उपचारांनीच निभावले जातात. प्रत्येक पथकात प्राथमिक वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असते आणि जमिनीवरचे डॉक्टर नियमितपणे खासगी संवाद साधतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले एक प्रकरण या पद्धतीची कसोटी पाहणारे होते. सहा महिन्यांच्या मुक्कामात दोन महिने झाले असता, एका संशोधनासाठी केलेल्या सोनोग्राफीत एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. त्याला कोणताही त्रास जाणवत नव्हता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील रक्तविकारतज्ज्ञ डॉ. स्टीफन मोल यांच्याशी सल्लामसलत झाली. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांचा साठा मर्यादित होता. तो पुरवून पुरवून वापरला गेला आणि पुढच्या मालवाहू यानातून गोळ्या पाठवण्यात आल्या. अंतराळवीराने मुक्काम पूर्ण केला. त्याआधी अंतराळात असे काही होऊ शकते, याची कोणाला कल्पनाही नव्हती.

मंगळाच्या वाटेवर यातले काहीच हाताशी नसेल. जाऊन येण्यास दोन-तीन वर्षे, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला कधी कधी चाळीस मिनिटे.

गोव्याचा या साऱ्याशी संबंध

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वयाच्या तीस वर्षांनी त्यांच्या शारीरिक क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी केली होती. आजही अंतराळाचे परिणाम जमिनीवर अभ्यासण्यासाठी स्वयंसेवकांना डोक्याकडून सहा अंश खाली कललेल्या खाटेवर अनेक आठवडे झोपवतात. भारहीन देह आणि अंथरुणाला खिळलेला देह, दोघांची वाटचाल सारखी असते. स्नायू वापरात नसले, की रक्तातील साखर ते नीट उचलत नाहीत आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. धट्ट्याकट्ट्या अंतराळवीरातही ही लक्षणे उमटतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक कुठे आढळले, हे वाचकांना आठवत असेल. गोव्यात. देशाची सरासरी ११.४ टक्के असताना आपल्याकडे हे प्रमाण २६.४ टक्के होते, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. त्यामुळे शुक्ला यांच्या मोहिमेतील आणखी एक प्रयोग आपल्या दृष्टीने हलव्याहून महत्त्वाचा ठरतो. अबुधाबीच्या एका वैद्यकीय समूहाच्या या प्रयोगात अंतराळवीरांनी रक्तशर्करा सतत मोजणारे छोटे उपकरण अंगावर लावले. भारहीनतेत साखर कशी वागते आणि हे उपकरण तिथे विश्वासार्ह ठरते का, हे त्यातून पाहायचे होते. मधुमेह असलेल्यांना आजवर दीर्घ अंतराळमोहिमांसाठी निवडले गेलेले नाही. ते दार उघडता येईल का, हाही प्रश्न त्यामागे आहे. बंगळुरूच्या एका भारतीय संस्थेचा प्रयोग स्नायूंच्या मूळपेशींवर होता: भारहीनतेत स्नायू नव्याने का घडत नाही, आणि तो घडवणारे काही देता येईल का? त्याचा उपयोग झाला, तर तो अंतराळवीरांआधी घराघरांत खाटेवर पडून असलेल्या वृद्धांना होईल.

परतल्यानंतर

परतीच्या दिवशी गुरुत्वाकर्षण एकदम अंगावर कोसळते. रक्त पुन्हा पायांकडे धावते, उभे राहताच भोवळ येते, तोल जातो. दीर्घ मुक्कामाहून आलेल्यांसाठी नासा दिवसाला दोन तासांचा ४५ दिवसांचा पुनर्वसन कार्यक्रम आखते. याला सन्माननीय अपवाद असतात. मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून १९९५ मध्ये परतलेले डॉक्टर वालेरी पोल्याकोव यानातून उतरून स्वतः चालत खुर्चीपर्यंत गेले होते; माणूस मंगळावर पोहोचल्यावर कामाचा राहील, हे त्यांना दाखवायचे होते. सवयी मात्र देहाहून हट्टी असतात. परतल्यावर एकदा अंथरुणात बसून काम करता करता शुक्ला यांनी लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला. तो तरंगेल, असे त्यांना वाटले. खाली गालिचा होता म्हणून निभावले.

गगनयानाच्या पहिल्या समानव उड्डाणाचा आराखडा सुमारे तीन दिवसांचा आहे. एवढ्या काळात हाडे झिजण्याची चिंता नाही. मळमळ, तोल आणि समुद्रात उतरल्यावर नौदलाची माणसे येईपर्यंतचा काळ, या तिथल्या खऱ्या अडचणी आहेत, आणि त्यासाठी कोचीच्या नौदल तळावर सराव चालतो. व्यायामाची यंत्रे, पाण्याचे पुनर्वापर, साखर आणि गुठळ्या यांचा विचार करावा लागेल तो २०३५ पर्यंत उभारण्याचा संकल्प असलेल्या भारतीय अंतराळस्थानकासाठी.

शुक्ला वर होते तेव्हा गोव्यात ऐन पावसाळा होता आणि ढगांमुळे स्थानक पाहण्याची संधी फारशी मिळाली नाही. पावसाळा सरल्यावर सूर्यास्तानंतर किंवा पहाटे काही ठरावीक दिवशी ते हरमल, केरी किंवा मांद्रेच्या किनाऱ्यावरून साध्या डोळ्यांनी दिसते. शुक्रासारखा तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका चार-सहा मिनिटांत आभाळ पार करतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच मावळतो. कोणत्या गावातून कधी दिसेल, ते नासाच्या विनामूल्य सेवेवर आधी पाहता येते.